दीनाच्या पत्राचं दुसरं पान

वेंटवर्थव्हिल, सिडनी
१८ ऑक्टोबर १९८२

प्रिय दीना,

तुझं एरोग्राम शुक्रवारी मिळालं. तीन ओळी. ठाण्याहून इस्राएलला गेल्यापासून बारा वर्षांत तू मला इतकं छोटं पत्र कधी लिहिलं नव्हतंस. 'फ्लोराने कात्रण पाठवलं. बेन्झी घर सोडून गेला. यापुढे मला पत्र लिहू नकोस.' दुमडीच्या आत आणखी काही असेल म्हणून मी कडा सोडवून पाहिली. काही नव्हतं.

तू नको म्हणालीस तरी लिहितेय. एवढं तरी ऐकून घे.

तुझ्या इथल्या नणंदेने कुठलं कात्रण पाठवलं ते मला माहीत आहे. तेच आमच्या ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर टाचलेलं होतं. फोटोत चर्चच्या पायऱ्यांवर उंच, पांढऱ्या केसांचे उभे आहेत ते रेव्हरंड गॉर्डन प्राइस. त्यांच्या डावीकडे आमचे वसईचे फादर मार्टिन. आणि मागे, दारात, छातीशी फाइल धरलेली, अर्धी कापली गेलेली बाई म्हणजे मी. फ्लोराने मला लगेच ओळखलं असणार. तुझ्या लग्नात तिची साडी मीच नेसवली होती.

मी तुला लिहिलं होतं की पॅरामॅटाला चर्च हॉलमागच्या एका खोलीत मला टायपिस्टचं काम लागलंय. जूनमध्ये लेबनॉनचं युद्ध सुरू झालं तेव्हा इथल्या निरनिराळ्या चर्चच्या लोकांनी मिळून शांतता समिती काढली. गॉर्डन तिचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं सरळ आहे. युद्ध थांबवा. इस्राएलच्या माणसांना निर्धास्त झोपता आलं पाहिजे, आणि पॅलेस्टिनी माणसांना स्वतःचं म्हणता येईल असं घर असलं पाहिजे. आपल्या चर्चमध्ये कुणी ज्यूंबद्दल किंवा अरबांबद्दल वाईट बोलला तर त्याला तिथेच थांबवायचं. यात तुझ्याविरुद्ध काय आहे, दीना?

२९ ऑगस्टला मोठी प्रार्थनासभा झाली. तिथे गॉर्डनने एका आईचं पत्र वाचलं, हे खरं. पण ते तुझंच असं तू का धरून चाललीस? तुमच्या लोदमध्ये एकाच आईचा मुलगा सैन्यात आहे का? समितीकडे कुठून कुठून पत्रं येतात. मी फक्त टाइप करते. पुढ्यात येईल तो कागद.

बेन्झी कुठे आहे? रजेवर आला तर उतरतो कुणाकडे? तेवढं तरी कळव. ठाण्याला मांडीवर खेळवलंय मी तुझ्या या पोराला.

मार्शल आणि बीट्रिस, दोघं बापलेक, बरी आहेत.

तुझी लूसी


वेंटवर्थव्हिल
५ डिसेंबर १९८२

दीना,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

ते पत्र तुझंच होतं. मीच दिलं.

हे दोन शब्द लिहायला मला सात आठवडे लागले. आधी वाटलं, तू उत्तर देशील, मग सांगू. तुझं उत्तर आलं नाही. मग परवा जेवताना मार्शलने विचारलं, "दीनाचं काही पत्र?" मी म्हटलं, "नाही, तिचा काहीतरी गैरसमज झालाय." तर बीट्रिस ताटातून डोकं वर न काढता म्हणाली, "इट वॉजन्ट युअर लेटर टू गिव्ह, मम." बारा वर्षांची पोरगी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने मला त्या दिवशी टाइप करताना पाहिलं होतं. शाळा सुटल्यावर ती ऑफिसात येऊन बसते. मार्शलने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी उचलून आत गेले.

कसं झालं ते सांगते. सगळं, आहे तसं.

जुलैमध्ये समितीने पहिलं पत्रक काढलं. मी त्याच्या ऐंशी प्रती पाठवल्या. एकाही वर्तमानपत्राने ओळ छापली नाही. उलट फोन आले. सकाळी एक माणूस म्हणाला, तुम्ही ज्यूंचे शत्रू. त्याच दिवशी दुपारी दुसरा म्हणाला, तुम्ही ज्यूंचे नोकर. गॉर्डन फोन ठेवून माझ्या टेबलाशी येऊन बसले. इथे पाद्रीलाही नावाने हाक मारतात, तुला विचित्र वाटेल. ते म्हणाले, "लूसी, किती मेले, किती बेघर झाले, हे आकडे सांगून काही होत नाही. लोक ऐकतात आणि चहा ओततात. मला एक माणूस हवा. एक खरा माणूस."

तुझं पत्र दोन दिवसांपूर्वी आलं होतं. माझ्या पर्समध्ये होतं.

तू लिहिलं होतंस, बेन्झी चार दिवस रजेवर आला आणि त्याने घरात बूटसुद्धा काढले नाहीत. जेवायला बसला आणि म्हणाला, आई, आम्ही एका रिकाम्या घरात मुक्काम केला. चुलीजवळ परातीत पीठ मळलेलं तसंच होतं. वर ओलं फडकं टाकलेलं. फडकं अजून वाळलं नव्हतं. मग म्हणाला, मला परत नाही जायचं.

मी ते इंग्रजीत टाइप केलं. पहिलं पान तेवढंच. गॉर्डनने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे खरं आहे ना? लोक म्हणतील आपण रचलंय." म्हणून मी वर आणखी एक ओळ घातली. आई मूळची भारतातली, राहते लोदला, मुलगा रणगाड्यावर. दीना, ती ओळ कुणी मागितली नव्हती. ती माझी. त्या ओळीनेच बेन्झी ओळखला गेला, हे मला आता कळतंय. लोदमध्ये आपल्याकडचे, रणगाड्यावर असलेले असे कितीजण असतील? ते कात्रण तुमच्या सिनेगॉगमध्ये हातोहात फिरलं असेल आणि कुणाच्या तरी मुलाने ते त्याच्या तुकडीपर्यंत नेलं असेल. ते त्याला काय म्हणाले असतील, याचा विचार मी रोज करते.

फादर मार्टिननी मला सभेच्या आदल्या दिवशी विचारलं होतं. मराठीत. "लूसी, दीनाची परवानगी घेतलीस ना?"

मी म्हटलं, "हो फादर. ती म्हणाली, वाचा."

आणि दुसरं पान. तू मागितलं नाहीस तरी त्याबद्दलही सांगायलाच हवं. दुसरं पान मी पर्समध्येच ठेवलं. त्याची पहिलीच ओळ होती, 'हे कुणाला सांगू नकोस, इथे त्याला भित्रा म्हणतील.' मी ती वाचली होती. वाचलीच नव्हती असं स्वतःला सांगून पाहिलं. पण वाचली होती. आणि त्याखाली तू जे लिहिलंस ते मला पाठ आहे. तू त्याला म्हणालीस, जा, नाही गेलास तर लोक काय म्हणतील. त्याने बॅग उचलली आणि गेला. तू लिहिलंस, 'लूसी, मी माझ्या पोराला स्वतःच्या हाताने परत धाडलं. आता दाराची कडी वाजली की उघडायच्या आधी मी खिडकीतून गणवेश दिसतो का ते पाहते.'

हे पान गॉर्डनला दिलं असतं तर त्यांनी पत्र वाचलंच नसतं. म्हणून दिलं नाही.

सभेला सहाशे लोक होते. गॉर्डनचा आवाज चांगला आहे. ते वाचत असताना कुणी खोकलंसुद्धा नाही. बायका रुमाल काढत होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि खाली ते पत्र. कॅनबेराहून एका खासदाराचा फोन. आणि दीना, मला अभिमान वाटला. माझ्या मैत्रिणीचं पत्र, माझं भाषांतर. घरी येताना मी ट्रेनमध्ये हसत होते.

एकच बाई उठून गेली. सलमा खूरी. ग्रॅनव्हिलला कपडे अल्टर करायचं दुकान चालवते. ती पॅलेस्टिनी ख्रिस्ती आहे. पत्र वाचून झालं की तिने मेणबत्ती लावायची, असं ठरलं होतं. ती पत्र संपायच्या आतच गेली. मेणबत्ती फादर मार्टिननी लावली. तेव्हा मला तिचा राग आला होता.

मला माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द टाइप करून करून गुळगुळीत झालाय माझ्या हातून.

लूसी


वेंटवर्थव्हिल
२० मार्च १९८३

दीना,

सॅम्युएलचं कार्ड मिळालं. 'दीनाला त्रास देऊ नये.' इंग्रजीत, सही पूर्ण नावाची. ठाण्याच्या घरी मला वहिनी म्हणणारा तुझा नवरा. ठीक आहे. पण इथे जे झालं ते तुझ्या नावाने झालं. ते तुला कळायला हवं, म्हणून एवढं एक पत्र.

जानेवारीत मी फादर मार्टिनना सगळं सांगितलं. मुद्दाम कन्फेशनला गेले नाही. तिथे सांगितलं असतं तर त्यांना गप्प राहावं लागलं असतं आणि मला तीन प्रार्थना म्हणून घरी जाता आलं असतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ते सुक्या बोंबलाचं कालवण गरम करत होते. वसईहून कुणीतरी पाठवलेले बोंबील. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

पातेलं उतरवून झाकलं. मग म्हणाले, "माझ्याशी खोटं बोललीस, ते राहू दे. तो मुलगा कुठे आहे?"

"माहीत नाही फादर."

"आणि आई?"

"तिने लिहायचं बंद केलंय."

"चल," ते म्हणाले, "आत्ताच गॉर्डनकडे जाऊ. उद्यावर टाकलंस तर तू जाणार नाहीस."

गॉर्डन रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, ते वाईट झालं. ते खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "मी विचारलं ते एवढंच, की हे खरं आहे का. हे कुणाचं आहे ते मी विचारायला हवं होतं."

समितीची बैठक झाली. मी दाराबाहेर बाकावर बसले होते, आवाज ऐकू येत होते. निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की आता हे उकरून काढू नये. सप्टेंबरात बैरूतच्या पॅलेस्टिनी छावण्यांमध्ये जी कत्तल झाली त्यानंतर कुठे लोक ऐकायला लागलेत. आता आपणच चूक कबूल केली तर विरोधक म्हणतील सगळंच खोटं. एकजण म्हणाला, "गॉर्डन, इट्स वन लेटर, मेट." गॉर्डनचं उत्तर मला नीट ऐकू आलं. ते म्हणाले, "आपण दोन देशांना सांगतोय की समोरच्याच्या घरात न विचारता शिरू नका. आणि आपण काय केलं?"

२७ फेब्रुवारीला, उपवासकाळातल्या रविवारी, ते त्याच चर्चमध्ये त्याच जागी उभे राहिले. तुझं नाव घेतलं नाही, गावाचंही नाही. म्हणाले, ऑगस्टमध्ये मी इथे एका आईचं पत्र वाचलं. तिने ते मैत्रिणीला लिहिलं होतं, मला नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे तिचं घर दुखावलं. तुम्ही त्या दिवशी रडलात, मीही रडलो, आणि ते अश्रू आपले नव्हते. मी तिची क्षमा मागतो, आणि इथून पुढे या व्यासपीठावरून कुणाचंही दुःख त्याच्या परवानगीशिवाय बोललं जाणार नाही.

पेपरात दोन दिवस चेष्टा झाली. दोन चर्च समितीतून बाहेर पडली. कॅनबेराच्या खासदाराचा फोन पुन्हा आला नाही. पण पुढच्याच आठवड्यात इथल्या सिनेगॉगचे एक रब्बी आले. गेल्या वर्षी गॉर्डनच्या तीन पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. हॉलमध्ये बसून त्यांनी चहा घेतला. म्हणाले, तुमचं सगळं मला पटत नाही, पण चुकलं तर सांगणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

मी राजीनामा दिला. मनात होतं की गॉर्डन नको म्हणतील. ते म्हणाले, "हो लूसी, मला वाटतं तू जावंस." आता मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. नुसती रोग्यांची नावं आणि तारखा.

एक आणखी सांगायचंय. मी सलमाच्या दुकानात गेले. हातात मार्शलची पँट, उगाच, कमी करायला. तिने टाचण्या लावता लावता विचारलं, "तू ती चर्चमधली ना?" मी म्हटलं, हो, पत्र मीच दिलं होतं. तू का उठून गेलीस ते विचारायला आलेय.

ती म्हणाली, "मी लोदची आहे."

तुझं गाव, दीना. अठ्ठेचाळीस साली ती नऊ वर्षांची होती. जुलैच्या उन्हात इस्राएली सैनिकांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि चालत धाडलं. धाकट्या भावाला पाणी मिळालं नाही, तो वाटेत गेला. "माझ्या आईने त्या दिवशी पीठ मळून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या चर्चमध्ये सहाशे माणसं त्या मुलासाठी रडली. त्याने पीठ पाहिलं म्हणून. पीठ मळलं कुणी, ते एकानेही विचारलं नाही."

तिने पँट घडी करून ठेवली आणि म्हणाली, गुरुवारी ये. मग मी जाताना म्हणाली, "त्या मुलाला घरी जाता येतं का आता?"

मी म्हटलं, नाही.

"मग तू त्याच्याशीही वाईट वागलीस," ती म्हणाली.

लूसी


वेंटवर्थव्हिल
११ ऑगस्ट १९८५

दीना,

दोन वर्षं लिहिलं नाही. सॅम्युएलचं कार्ड पाळत होते.

काल इथल्या मसाल्याच्या दुकानात फ्लोरा भेटली. मला पाहून डाळीच्या पोत्यांमागे वळली, मग परत आली. बहुतेक तिलाही ते कात्रण पाठवल्याचं डाचतंय. तिने सांगितलं की बेन्झीला गेल्या वर्षी पुन्हा लेबनॉनला बोलावलं तेव्हा त्याने जायला नकार दिला, आणि अठ्ठावीस दिवस लष्कराच्या तुरुंगात काढले. आता तो हैफाला असतो. तुला पासओव्हरच्या सणाला फोन करतो, दोन मिनिटं बोलतो. घरी येत नाही.

फ्लोरा म्हणाली, "तो पत्रामुळे नाही गं रागावलेला. म्हणजे पत्रामुळेच, पण तसं नाही." पुढे तिला सांगता येईना. मला वाटतं, मला कळलं. पण ते दुसऱ्या पानावरचं आहे, माझ्या तोंडून निघायचं नाही.

मला समितीत परत बोलावलंय. पगारी नाही, महिन्यातून दोन संध्याकाळी. फादर मार्टिन बोलवायला आले होते. गॉर्डन आता थकलेत, पण सोडत नाहीत. गेल्या वर्षी चार चर्चच्या लोकांबरोबर ते जेरुसलेमला जाऊन आले. लोदलाही गेले. मी त्यांना तुझा पत्ता दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. फक्त परत आल्यावर म्हणाले, "तिथे बाजारात दोन बायका मराठी बोलत होत्या. मला फक्त सूर तुझ्यासारखा वाटला, शब्द नाही कळले."

आता कुठलाही कागद माझ्याकडे टाइपला आला की मी विचारते, हे कुणाचं? त्याने हो म्हटलंय का? लोक वैतागतात.

समितीने काय मिळवलं, असं मार्शल विचारतो. दर महिन्याला एका टेबलाशी सलमा, रब्बींनी पाठवलेली दोन माणसं, आणि आम्ही. भांडतात. पुढच्या महिन्यात परत येतात. याहून जास्त मला दाखवता येत नाही.

लूसी


वेंटवर्थव्हिल
२७ नोव्हेंबर १९८८

प्रिय दीना,

बेन्झी आमच्याकडे आला होता, हे तुला आता ठाऊक आहे. पण तो आल्यापासून फोनपर्यंत काय झालं, ते त्याने तुला पूर्ण सांगितलं नसेल. आणि एक गोष्ट त्यालाही सांगता येणार नाही.

१२ तारखेला शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात दाढी वाढलेला, पाठीवर पिशवी घेतलेला माणूस. म्हणाला, "लूसीमावशी, ओळखलं का?" दीना, मराठी तेच. ठाण्याच्या टेंभी नाक्याचं. सव्वीस वर्षांचा माणूस आणि बोलणं आठ वर्षांच्या मुलाचं, तिथे थांबलेलं. मी त्याला आत घेतलं. नोकरी सोडून तीन महिने फिरतोय म्हणाला. फ्लोराकडे उतरलाय.

चहा झाला. मार्शल त्याच्याशी क्रिकेटवर बोलायला लागला, त्याला क्रिकेट येत नव्हतं. मग त्याने कप ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आईचं ते पत्र तुझ्याकडे आहे का? मला ऐकायचंय. कात्रणात होतं तेवढं नाही. सगळं."

मी आतून आणलं. दोन्ही पानं. तो ठाण्याला दुसरीपर्यंत शिकलेला, त्याला अक्षरं लागतात, पण तुझं जोडून लिहिलेलं लागेना. दोन-तीन शब्द बोट ठेवून वाचले. मग माझ्यापुढे धरलं. "तू वाच."

दुसऱ्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. तुझ्या मुलाला सहा वर्षं जे कळायला हवं होतं ते तिथे होतं. मी वाचलं असतं तर पाच मिनिटांत तो रडला असता, आणि मला वाटलं असतं की मी फेडलं. मी तोंडही उघडलं होतं.

मग म्हटलं, "नाही बेन्झी. एकदा मी हे तिला न विचारता वाचून दाखवलंय. आता तिला विचार. ती सांगेल."

तो चिडला. "मी इतक्या लांब आलो, आणि तू हे सांगतेस?" बीट्रिस तिथेच होती, आता युनिव्हर्सिटीत जाते. ती त्याला म्हणाली, "शी इज राइट, यू नो." त्याने पानं टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि गेला. मला वाटलं, संपलं. एकाच मुलाला मी दोनदा घालवलं.

पण गुरुवारी तो परत आला. घरी नाही, पॅरामॅटाला, समितीच्या बैठकीत. पत्ता बीट्रिसने दिला होता. गाझात, वेस्ट बँकमध्ये गेलं वर्षभर पॅलेस्टिनींचा जो उठाव चाललाय त्यावर पत्रक काढायचं होतं, म्हणून गॉर्डन आजारी असूनही आले होते. काठी टेकत. मी ओळख करून दिली, तसे ते उठून उभे राहिले. वेळ लागला त्यांना उठायला. म्हणाले, "मी तुझे शब्द चोरले होते."

बेन्झी म्हणाला, "आता माझे मी सांगतो."

आणि सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, वीस मिनिटं. त्या घराबद्दल. त्या चार दिवसांनंतर परत गेला त्याबद्दल, तिथे त्याच्या रणगाड्यावरचा एक मुलगा मेला त्याबद्दल. तुकडीतले त्याला काय म्हणायचे. तुरुंगाबद्दल. मी बैठकीची मिनिट्स लिहीत होते, पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "लिही मावशी, मी हो म्हणतोय." सगळ्यांदेखत, मराठीत. फादर मार्टिन तेवढे हसले.

सलमा टेबलाच्या टोकाला होती. तिने एकच विचारलं. "लोदला तुझ्या आईचं घर कुठे आहे?"

त्याने सांगितलं. स्टेशनकडची नवी बिल्डिंग.

"नवी म्हणजे कधीची? आधी तिथे काय होतं?"

"मला माहीत नाही," बेन्झी म्हणाला. मग म्हणाला, "मी कधी विचारलं नाही."

सलमाने मान हलवली. तिने त्याचा हात हातात घेतला नाही, काही गोड बोलली नाही. पण बैठक संपेपर्यंत बसून राहिली, आणि निघताना त्याच्या जॅकेटची उसवलेली बाही पाहून म्हणाली, शनिवारी दुकानात घेऊन ये. तो गेला. दोन तास बसला म्हणे. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आणि रविवारी, २० तारखेला, दुपारी चारच्या सुमारास तो घरी आला आणि म्हणाला, "मावशी, फोन लावू का?"

तुमच्याकडे सकाळचे सात. फोन आमच्या हॉलमध्ये भिंतीला आहे. मी उठून जायला हवं होतं. गेले नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

तो म्हणाला, "आई, मी बेन्झी. नाही, बरा आहे. आई, ऐक. तू लूसीमावशीला पत्र लिहिलं होतंस, त्याच्या दुसऱ्या पानावर काय आहे?"

मग तो ऐकत राहिला. तू किती वेळ बोललीस, दीना, मी घड्याळ पाहिलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. एकदा म्हणाला, "नाही आई." परत म्हणाला, "नाही, मी काही बोललोच नाही ना तेव्हा, बॅग उचलली." मग त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. त्याला वाटत होतं की त्याला परत धाडून तू आत जाऊन झोपलीस. इतकी वर्षं त्याला हेच वाटत होतं. ते त्याने मला नंतर सांगितलं.

शेवटी म्हणाला, "डिसेंबरात येतो. घरी. हो, घरीच."

आणि मग तू त्याला काहीतरी विचारलंस. तो माझ्याकडे वळला, रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाला, "आई विचारतेय, लूसी आहे का तिथे?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाला, "ती बाहेर गेलीय, आई."

माझ्या सांगण्यावरून तो तुझ्याशी खोटं बोलला. सहा वर्षांनी तुम्ही दोघं खरं बोलत होतात, आणि त्यात मी हे घातलं. मला भीती वाटली. तुझा आवाज ऐकायची. तू ओरडली असतीस तर चाललं असतं. तू नुसतं 'लूसी' म्हणाली असतीस, तर मी काय करणार होते?

त्याच्यावर रागावू नकोस. मी बाहेर गेले नव्हते. फोनपासून दोन हातांवर उभी होते.

आम्ही रविवारी कुठे जात नाही. चार वाजता मी घरीच असते.

लूसी